डेलचा डीबीयूटिल ड्रायव्हर आणि सीव्हीई-२०२१-२१५५१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेलचा विंडोज लॅपटॉप किंवा डेस्कटॉप वापरणारे, आणि कार्यालयात असे संगणक सांभाळणारे, अशा दोघांसाठी हे पान आहे. घरच्या वापरापुरते हवे असेल तर तपासणी, काढणे आणि ब्लॉकलिस्ट हे तीन भाग पुरेत. बाकीचे त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी.

ही त्रुटी नेमकी कशात आहे?

डीबीयूटिल_२_३.एसवायएस नावाच्या एका छोट्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारा प्रोग्रॅम. बायोस आणि इतर फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेले सॉफ्टवेअर, अपडेट करताना डेलची साधने या ड्रायव्हरमार्फत थेट हार्डवेअरशी बोलत. २००९पासून तो वापरात होता. सेंटिनेललॅब्स या सायबर सुरक्षा संशोधन गटाचे कसिफ डेकेल यांना त्यात पाच दोष सापडले. त्यांनी १ डिसेंबर २०२०ला डेलला कळवले आणि ४ मे २०२१ला डेलने डीएसए-२०२१-०८८ या क्रमांकाने सुरक्षासूचना काढली. पाचही दोष सीव्हीई-२०२१-२१५५१ या एकाच क्रमांकाखाली नोंदलेले आहेत; सीव्हीई म्हणजे सुरक्षात्रुटींना दिला जाणारा सार्वजनिक नोंदणी क्रमांक. तीव्रता १०पैकी ८.८.

पाचपैकी दोन दोष मेमरी करप्शनचे, दोन आलेली माहिती न तपासण्याचे, आणि एक संगणक कोसळवू शकणारा तर्काचा दोष. पहिले चार हल्लेखोराला साध्या वापरकर्त्यावरून थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, अधिकारापर्यंत नेतात.

मी असला कुठलाही ड्रायव्हर टाकलेला नाही. मग तो माझ्याकडे आला कसा?

तुम्ही टाकला नाही, तुमच्या वतीने टाकला गेला. डेल कमांड अपडेट, डेल अपडेट, एलियनवेअर अपडेट, डेल सिस्टिम इन्व्हेंटरी एजंट, डेल प्लॅटफॉर्म टॅग्ज यांपैकी काही ना काही बहुतेक डेल संगणकांवर आधीपासून असते किंवा पहिल्या काही दिवसांत येऊन बसते. ही साधने चालली, किंवा तुम्ही कधी बायोस, थंडरबोल्ट, टीपीएम (सुरक्षा चिप) वा डॉकचे फर्मवेअर अपडेट केले, की त्या पॅकेजमधून हा ड्रायव्हर बाहेर निघे, टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये उतरे आणि चालू होई. काम संपल्यावर तो काढून टाकला जाईलच याची खात्री नसे.

म्हणूनच ‘कंट्रोल पॅनेल’मधल्या प्रोग्रॅमच्या यादीत तो दिसत नाही. तिथे शोधून ‘माझ्याकडे नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

ड्रायव्हरमधली चूक साध्या प्रोग्रॅममधल्या चुकीपेक्षा गंभीर का?

साध्या प्रोग्रॅमला विंडोज स्वतंत्र मेमरी देते आणि त्या कुंपणाबाहेर जाऊ देत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, तिथे असे कुंपण नसते. कोणत्या वापरकर्त्याला काय अधिकार आहेत, अँटिव्हायरसला कोणत्या घटनांची खबर द्यायची, कोणती प्रक्रिया कुणाच्या नावाने चालते, या सगळ्या नोंदी त्याच मेमरीत असतात. तिथे हवे ते लिहिता आले की हे सगळे बदलता येते.

मेमरी करप्शन म्हणजे इथे प्रत्यक्ष काय होते?

मेमरी करप्शन म्हटले की बहुतेकांना बफर ओव्हरफ्लो आठवतो: जागा शंभर बाइटची, माहिती दोनशे बाइटची, आणि उरलेली शेजारच्या जागेवर सांडलेली. डीबीयूटिलमध्ये असे सांडणे नाही. इथे हल्लेखोर पत्ता देतो आणि ड्रायव्हर बिनचूक त्याच पत्त्यावर लिहून देतो. या दोषाला ‘हवे ते, हवे तिथे लिहिणे’ म्हणतात, आणि हल्लेखोराच्या दृष्टीने तो ओव्हरफ्लोपेक्षा सोपा असतो, कारण त्यात नशिबावर काही सोडावे लागत नाही.

विंडोजमध्ये प्रोग्रॅमला ड्रायव्हरकडून काम करून घ्यायचे असले की तो आयओसीटीएल नावाची विनंती पाठवतो. विनंतीत कामाचा क्रमांक आणि सोबत थोडी माहिती असते. सरकारी कार्यालयातल्या खिडकीवर अर्ज द्यावा तसे हे आहे: अर्जदार कोण हे खिडकीवर आधी पाहायचे, मग अर्जात काय लिहिले आहे ते. डीबीयूटिल दोन्ही पाहत नव्हता.

पहिली चूक प्रवेशाची. ड्रायव्हर स्वतःचे उपकरण उघडतो तेव्हा ते कोण वापरू शकेल याची यादी त्याने ठरवायची असते. डीबीयूटिलने ती ठरवलीच नव्हती. त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटर नसलेला वापरकर्ताही त्याच्याशी बोलू शकत होता.

दुसरी चूक मजकुराची. वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या विनंत्यांमध्ये पाठवणाराच मेमरीचा पत्ता देतो, आणि ड्रायव्हर तो पत्ता जसाच्या तसा मेमरीतली माहिती हलवणाऱ्या फंक्शनला देतो. पत्ता कर्नलचा आहे की वापरकर्त्याचा, त्या जागेला हात लावायचा या प्रक्रियेला अधिकार आहे का, हे कुठेच तपासले जात नाही. काही विनंत्या आभासी मेमरीच्या आहेत आणि काही भौतिक मेमरीच्या.

आता हल्लेखोराला फारसे करावे लागत नाही. प्रत्येक प्रक्रियेला कर्नलमध्ये एक टोकन असते आणि तिचे अधिकार त्यात बिट्सच्या रूपात नोंदलेले असतात. स्वतःच्या प्रक्रियेच्या टोकनवर अवघे काही बाइट लिहिले की तिला सगळे अधिकार मिळतात. संगणक अडखळत नाही, निळा पडदा येत नाही, वापरकर्त्याला काही जाणवत नाही.

आणखी एक दोष वेगळ्या स्वरूपाचा आहे. प्रोसेसरच्या इन आणि आउट या सूचना, म्हणजे उपकरणांच्या पोर्टशी थेट बोलणाऱ्या सूचना, हा ड्रायव्हर कुणाच्याही सांगण्यावरून कर्नलमध्ये चालवून देतो. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून हार्डडिस्कसारख्या भागांपर्यंत पोचता येते.

इंटरनेटवरून कुणी थेट माझ्या संगणकात शिरू शकतो का?

केवळ या त्रुटीने नाही. हल्लेखोराचा काही तरी कोड तुमच्या संगणकावर आधी चालायला हवा: फसवी अटॅचमेंट, क्रॅक केलेले सॉफ्टवेअर, किंवा कुणी हातात घेऊन चालवलेला प्रोग्रॅम. पण तो कोड एकदा चालला की सामान्य वापरकर्ता आणि संपूर्ण ताबा यांमधली भिंत उरत नाही. रोजच्या कामासाठी साधे खाते वापरण्याची चांगली सवय आपण लावून घेतो, तिचे संरक्षणही ही त्रुटी काढून घेते.

माझ्या संगणकावर हा ड्रायव्हर आहे का, ते कसे पाहू?

फाइल कुठे आहे हे ती कुणाच्या नावाने चाललेल्या साधनाने टाकली यावर ठरते. पार्श्वभूमीत सिस्टिमच्या नावाने चालणाऱ्या सेवेने टाकली असेल तर ती विंडोज फोल्डरमधल्या टेम्पमध्ये सापडते. तुम्ही स्वतः अपडेट चालवले असेल तर तुमच्या वापरकर्ता फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, टेम्प या वाटेवर. दोन्ही पाहावे लागतात, आणि संगणकावर एकापेक्षा जास्त खाती असतील तर प्रत्येकाचा टेम्प.

१. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन करा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर ॲपडेटा दिसणारच नाही.

२. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. चौकटीत टक्केवारीचे चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्केवारीचे चिन्ह असे इंग्रजीत लिहून एंटर केले की तुमचा स्वतःचा टेम्प उघडतो.

३. सी ड्राइव्हमधले विंडोज फोल्डर आणि त्यातले टेम्प उघडा. परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’ म्हणा.

४. दोन्ही ठिकाणी डीबीयूटिल हा शब्द इंग्रजीत लिहून शोधा. पूर्ण नाव असे: डीबीयूटिल, अंडरस्कोर, दोन, अंडरस्कोर, तीन, टिंब, एसवायएस. अंक इंग्रजीच टाका.

५. फाइल मिळाली नाही तरी सेवेची नोंद पाहा; विंडोज प्रत्येक ड्रायव्हर ‘सेवा’ म्हणून नोंदवते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एससी, क्वेरी आणि ड्रायव्हरचे नाव, शेवटचे टिंब-एसवायएस वगळून, असे तीन शब्द इंग्रजीत लिहा. ‘अशी सेवा नाही’ या अर्थाचा १०६० क्रमांकाचा एरर आला तर नोंद नाही. ‘रनिंग’ दिसले तर ड्रायव्हर या क्षणी मेमरीत आहे.

पाचवी पायरी बरेच जण सोडतात, आणि ती सोडू नये. फाइल नाही म्हणजे ड्रायव्हर कधी चाललाच नाही असे नव्हे. टेम्प साफ करणारी साधने फाइल उडवतात आणि सेवेची नोंद तशीच राहते.

तो काढायचा कसा?

सोपा मार्ग म्हणजे डेलच्या अधिकृत संकेतस्थळावर डीएसए-२०२१-०८८ याच नावाने दिलेले काढण्याचे साधन उतरवून चालवणे. ते सगळी ठिकाणे धुंडाळून फाइल काढते. १० मे २०२१पासून डेलच्या अपडेट साधनांमार्फत ते आपोआपही पाठवले गेले, त्यामुळे अनेकांच्या संगणकावर हे काम त्यांच्या नकळत झालेले असेल. तरी वरची तपासणी करून घ्या.

हाताने काढायचे असेल तर आधी संगणक रीस्टार्ट करा, कारण मेमरीत असलेल्या ड्रायव्हरची फाइल ‘वापरात आहे’ म्हणून निघत नाही. मग फाइल निवडून शिफ्ट दाबून ठेवून डिलीट करा. नुसत्या डिलीटने ती रीसायकल बिनमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर, पडून राहते. सेवेची नोंद उरली असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एससी, डिलीट आणि ड्रायव्हरचे नाव. शेवटी पुन्हा रीस्टार्ट करून पाचवी पायरी परत पाहा.

त्यानंतर अपडेटची साधने नव्या आवृत्तीवर आणा. हा भाग राहिला तर वरची मेहनत वाया जाते, ते कसे ते पुढे दिले आहे.

ड्रायव्हर काढल्यावर लॅपटॉपचे काही बिघडेल का?

नाही. तो फक्त फर्मवेअर अपडेटच्या वेळी लागतो. कीबोर्ड, वायफाय, पंखा, बॅटरी यांच्याशी त्याचा संबंध नाही.

काढण्यासाठी बायोस अपडेट करावे लागेल का?

त्याची गरज नाही. इतर कारणासाठी बायोस अपडेट करणार असाल तर चार्जर लावून ठेवा, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते तात्पुरते स्थगित करा आणि रिकव्हरी की आधी कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर जपून ठेवा. बायोस बदलल्यावर बिटलॉकर ४८ अंकी की मागू शकते, आणि ती जवळ नसल्यामुळे डेटा कायमचा अडकण्याचा धोका खरा आहे.

एकदा काढला होता, तो परत आला. असे कसे?

जुने फर्मवेअर पॅकेज पुन्हा चालले. डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेली २०२०ची बायोस फाइल, कार्यालयाच्या सर्व्हरवर साठवलेले जुने पॅकेज, किंवा कधीच अपडेट न झालेले डेल कमांड अपडेट, यांच्या आत जुना ड्रायव्हर तसाच आहे. पॅकेज चालले की तो टेम्पमध्ये उतरतो.

विंडोज १०साठीची सुधारित साधने मे २०२१मध्ये आली. विंडोज ७ आणि ८.१साठी डेलने ३१ जुलै २०२१पर्यंतची मुदत दिली होती. त्याआधीची पॅकेजेस सरळ काढून टाका आणि लागेल तेव्हा नवी उतरवून घ्या. एखाद्या जुन्या मॉडेलला जुन्या पॅकेजवाचून पर्यायच नसेल तर अपडेट झाल्याबरोबर काढण्याचे साधन पुन्हा चालवा.

अँटिव्हायरसने हा ड्रायव्हर का अडवला नाही?

कारण तो व्हायरस नव्हता. डेलने केलेला, वैध सही असलेला, हेतूने स्वच्छ असा ड्रायव्हर होता तो. ६४ बिट विंडोज कर्नलमध्ये सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही. ही अट वाईट हेतूच्या कोडला अडवते, चांगल्या हेतूने लिहिलेल्या सदोष कोडला अडवू शकत नाही. सहीमुळे हा कोड कुणाचा आहे एवढे कळते, तो नीट लिहिलेला आहे का ते कळत नाही.

प्रत्यक्ष कुणी याचा गैरवापर केला का?

केला. ईसेट या सुरक्षा कंपनीने सप्टेंबर २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाझारस या उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या गटाची मोहीम उलगडली. हल्ले २०२१च्या शरद ऋतूतले. नेदरलँड्समधल्या एका एरोस्पेस कंपनीतला कर्मचारी आणि बेल्जियममधला एक राजकीय पत्रकार यांना ॲमेझॉनच्या नावाने नोकरीविषयक वाटतील अशी फसवी कागदपत्रे पाठवली गेली. ती उघडल्यावर जे आत आले त्यात डीबीयूटिल ड्रायव्हरमार्फत कर्नलमध्ये शिरणारे एक साधन होते.

त्या साधनाने कर्नलमधून विंडोजच्या सात प्रकारच्या देखरेखीच्या यंत्रणा बंद केल्या: रजिस्ट्रीतले बदल, नव्या प्रक्रिया, फाइलींवरची कामे, नेटवर्कवरची रहदारी, घटनांची नोंद वगैरे. सुरक्षा सॉफ्टवेअर ज्या खबरींवर जगते त्याच तोडल्या. सॉफ्टवेअर चालू दिसत राहते आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. या त्रुटीचा प्रत्यक्ष हल्ल्यात झालेला हा पहिला नोंदवलेला वापर होता.

अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने मार्च २०२२च्या अखेरीस ही त्रुटी ‘गैरवापर होत असलेल्या’ त्रुटींच्या यादीत घातली आणि तिथल्या केंद्रीय कार्यालयांना दुरुस्तीसाठी तीन आठवडे दिले.

मी फाइल काढली आहे. आता विषय संपला ना?

अर्धा संपला. या प्रकरणातला सगळ्यात कमी समजला जाणारा भाग हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

धोके दोन आहेत. पहिला: ड्रायव्हर तुमच्या संगणकावर आधीच चालू आहे आणि साधा वापरकर्ता त्यातून वर चढतो. फाइल काढल्यावर हा धोका जातो. दुसरा: हल्लेखोर स्वतः ती फाइल घेऊन येतो. तिच्यावर डेलची खरी सही आहे, त्यामुळे विंडोज ती आनंदाने चालवते. ही रीत ‘सदोष ड्रायव्हर सोबत आणणे’ म्हणून ओळखली जाते. त्यासाठी हल्लेखोराकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असावा लागतो, पण तो मिळवण्याचे इतर मार्ग असतात. ॲडमिनिस्ट्रेटरला जे करता येत नाही, म्हणजे अँटिव्हायरसला आंधळे करणे, त्यासाठी ड्रायव्हर लागतो. ईसेटने वर्णन केलेल्या हल्ल्यातही हल्लेखोरांनी ड्रायव्हर बरोबर आणला होता.

हा दुसरा धोका फक्त डेलवाल्यांचा नाही. एचपी, लेनोवो, सुटे भाग जोडून घरी बनवलेला संगणक, कुठल्याही विंडोजवर ही फाइल चालू शकते. ‘आमच्याकडे डेल नाही’ म्हणून हा विषय बाजूला टाकणाऱ्या कार्यालयांनी हे लक्षात घ्यावे.

मग ती फाइल चालूच होऊ नये यासाठी काय करायचे?

विंडोजमध्ये सदोष ड्रायव्हरांची ब्लॉकलिस्ट आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीत जा, कोअर आयसोलेशन डीटेल्स दाबा. तिथे दोन स्विच पाहायचे: मेमरी इंटेग्रिटी आणि मायक्रोसॉफ्ट व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट. दोन्ही चालू ठेवा. विंडोज ११च्या २०२२ अपडेटपासून ब्लॉकलिस्ट मुळातच चालू असते. जुन्या आवृत्तीवर मेमरी इंटेग्रिटी चालू केली की ती लागू होते.

मेमरी इंटेग्रिटी चालू होत नसेल तर खिडकी अडथळा ठरणाऱ्या ड्रायव्हरांची यादी दाखवते. बहुधा जुन्या प्रिंटरचा, टीव्ही ट्यूनरचा किंवा आवाजाच्या कार्डाचा ड्रायव्हर असतो. त्याची नवी आवृत्ती शोधा, नसेल आणि उपकरण वापरात नसेल तर ड्रायव्हर काढा, मग पुन्हा प्रयत्न करा. फार जुन्या प्रोसेसरवर वेग थोडा कमी झाल्याचे जाणवू शकते.

ही यादी विंडोज अपडेटबरोबर येते, म्हणून अपडेट थांबवून ठेवलेल्या संगणकावर तिचा उपयोग कमी. ऑक्टोबर २०२२मध्ये तर असे उघड झाले की विंडोज १०वर ती बराच काळ ताजी होतच नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टला ते दुरुस्त करावे लागले. त्यामुळे ब्लॉकलिस्ट चालू असणे आणि ती ताजी असणे या दोन गोष्टी वेगळ्या तपासा.

मेमरी इंटेग्रिटीविषयी एक गैरसमज आहे. ती कर्नलचा कोड बदलू देत नाही, कर्नलमधल्या माहितीचे मात्र तेवढे रक्षण करत नाही. टोकनमधले अधिकार ही माहितीच आहे. ड्रायव्हर एकदा चालू झाला तर ते बिट्स बदलता येतात. म्हणून भरवसा ड्रायव्हर चालू न होण्यावरच ठेवायचा.

डेलचा नवा ड्रायव्हर तरी निर्दोष आहे का?

जुन्याच्या जागी डीबीयूटिलडीआरव्ही२ आला. त्याच्या २.५ आणि २.६ या आवृत्त्यांमध्येही प्रवेशाचे नियंत्रण अपुरे निघाले. ती त्रुटी सीव्हीई-२०२१-३६२७६, डेलची सूचना डीएसए-२०२१-१५२, सुधारित आवृत्ती २.७. पुढे डिसेंबर २०२१मध्ये रॅपिड७ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवले की नव्या ड्रायव्हरमध्ये कुठेही लिहिण्याची क्षमता तशीच आहे, फक्त तिच्यापर्यंत आता ॲडमिनिस्ट्रेटरच पोचू शकतो.

आमच्या मते ही दुरुस्ती अर्धवट आहे. साध्या वापरकर्त्याला वर चढण्याची शिडी काढली, पण ‘ड्रायव्हर सोबत आणणाऱ्या’ हल्लेखोराकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असतोच, त्याला याने काही फरक पडत नाही. मूळ दोष कुठलाही पत्ता देऊ देण्यात आहे, तो पत्ता कोण देतो यात नाही. नवा ड्रायव्हर टेम्पमध्ये नसतो. तो सिस्टिम३२ फोल्डरमधल्या ड्रायव्हर्समध्ये असतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या डीटेल्समध्ये आवृत्ती पाहा आणि २.७पेक्षा जुनी असेल तर डेलची साधने अद्ययावत करा.

२०२१मध्येच बायोसकनेक्टबद्दल ऐकले होते. ते हेच का?

ते प्रकरण वेगळे, पण शेजारचे. जून २०२१मध्ये एक्लिप्सियम या कंपनीने डेलच्या बायोसकनेक्ट सुविधेतल्या चार त्रुटी जाहीर केल्या. बायोसकनेक्ट सपोर्टअसिस्टचा, म्हणजे डेलच्या देखभाल-साधनाचा, भाग आहे आणि विंडोज सुरू होण्याआधी, बायोसमधूनच, डेलच्या सर्व्हरशी जोडले जाते. सुरक्षित जोडणी करताना ते समोरच्याचे प्रमाणपत्र खरोखर डेलचे आहे का हे नीट पाहत नव्हते, आणि त्यापुढे तीन ओव्हरफ्लो होते. तिथे मात्र शब्दशः सांडणे आहे. १२९ मॉडेल्स आणि सुमारे ३ कोटी उपकरणे असा अंदाज होता.

उपायही वेगळा आहे. दोन त्रुटी डेलने आपल्या सर्व्हरच्या बाजूने २८ मे २०२१ला मिटवल्या, उरलेल्या दोनसाठी बायोस अपडेट लागते. ते शक्य नसेल तर संगणक सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि अपडेट, रिकव्हरी या विभागातले बायोसकनेक्ट बंद करा. काही मॉडेल्समध्ये ते सेटिंग्जमधल्या सपोर्टअसिस्ट सिस्टिम रिझोल्यूशनखाली असते.

असे फक्त डेलच्याच बाबतीत होते का?

मुळीच नाही. गिगाबाइटच्या मदरबोर्डबरोबर येणारा जीडीआरव्ही ड्रायव्हर रॉबिनहूड या खंडणीखोर सॉफ्टवेअरने वापरला, ते सुरक्षा कंपनी सोफोसने फेब्रुवारी २०२०मध्ये उघड केले. एचपीच्या ओमेन गेमिंग हबमधला ड्रायव्हर सप्टेंबर २०२१मध्ये सदोष निघाला. एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सच्या प्रिंटरांचा एसएसपोर्ट ड्रायव्हर तर २००५पासून सदोष होता, आणि ते जुलै २०२१मध्ये कळले. त्यात माहिती किती लांबीची उतरवायची ते पाठवणाराच सांगत असे, म्हणजे पाठ्यपुस्तकातला बफर ओव्हरफ्लो.

या सगळ्यांत साम्य आहे. पंख्याचा वेग, एलईडीचे रंग, फर्मवेअर, प्रिंटरचे पोर्ट अशा कामांसाठी हार्डवेअरला हात लावावा लागतो. प्रत्येक कामासाठी काटेकोर, मर्यादित विनंती लिहिण्याऐवजी ‘कुठलीही मेमरी वाचा, कुठलीही लिहा’ अशी एकच सर्वसमावेशक विनंती लिहिली जाते. ती विकसकाच्या सोयीची असते, आणि वर्षानुवर्षे चालते कारण ती आपले नेमून दिलेले काम बिनतक्रार करते.

सपोर्टअसिस्ट आणि तत्सम सगळे काढूनच टाकू का?

घरच्या संगणकावर, आणि स्वतःहून अपडेट पाहायची सवय असेल तर, काढायला हरकत नाही. विंडोज अपडेटमधून बहुतेक ड्रायव्हर येतात आणि अनेक मॉडेल्सना बायोसही. उरलेले डेलच्या संकेतस्थळावर सर्व्हिस टॅग, म्हणजे संगणकाचा डेलने दिलेला ओळख क्रमांक, टाकून मिळते. वॉरंटी सर्व्हिस टॅगवर असते, सॉफ्टवेअर काढल्याने ती जात नाही. पण तुम्ही स्वतः कधीच अपडेट पाहत नसाल, किंवा लॅपटॉप आईवडिलांचा असेल, तर सॉफ्टवेअर राहू द्या आणि ते ताजे ठेवा. बंद पडलेले, तीन वर्षे अपडेट न झालेले साधन ही सगळ्यात वाईट स्थिती. अनेक घरांत नेमकी तीच असते.

नूतनीकरण केलेला जुना लॅटिट्यूड (डेलचा कार्यालयीन लॅपटॉप) घेतला आहे. वेगळे काही?

असे लॅपटॉप बहुधा कंपन्यांच्या वापरातून येतात. मुंबई-पुण्यात विद्यार्थ्यांच्या हाती ते भरपूर दिसतात. विक्रेत्याने एकच तयार डिस्क-प्रतिमा, म्हणजे विंडोजसकट डिस्कची पूर्ण प्रत, सगळ्यांवर ओतलेली असेल तर तिच्यात टेम्पसकट जुना ड्रायव्हर असू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्ह तयार करून, आधीची सगळी पार्टिशन पुसून, विंडोज नव्याने टाकणे उत्तम. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो.

कार्यालयात शे-दोनशे संगणक आहेत. कुठून सुरुवात?

आधी जुनी पॅकेजेस असलेल्या जागा: वितरण सर्व्हर, सामायिक फोल्डर, डिस्क-प्रतिमा. त्या साफ केल्याशिवाय टोकाचे संगणक साफ करू नका, नाहीतर पुढच्या फर्मवेअर फेरीत सगळे परत येते. मग दोन्ही प्रकारचे टेम्प आणि सेवेची नोंद तपासणारी स्क्रिप्ट सिस्टिमच्या अधिकाराने चालवा. फाइलच्या नावावर विसंबू नका. हल्लेखोर नाव बदलतो, म्हणून डेलच्या सूचनेत दिलेल्या एसएचए-२५६ हॅशशी, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाशी, जुळवून पाहा.

अडवण्यासाठी ॲप्लिकेशन कंट्रोलचे, म्हणजे काय चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, धोरण लावा आणि त्याच्या नियमांत डीबीयूटिलची नोंद आहे हे स्वतः पाहून घ्या. आधी ते फक्त-नोंद पद्धतीने चालवा, काय काय अडले असते ते पाहा, मग सक्तीचे करा. विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये सदोष सहीवाल्या ड्रायव्हरांसाठी हल्ल्याची जागा कमी करणारा एक नियम आहे. तो अशा फाइली डिस्कवर उतरू देत नाही, मात्र आधीपासून असलेला ड्रायव्हर चालू होणे रोखत नाही. दोन्ही लागतात.

देखरेखीसाठी सिस्टिम लॉगमधली ७०४५ ही घटना, म्हणजे नवी सेवा बसली, आणि सिसमॉन या मायक्रोसॉफ्टच्या देखरेख-साधनातली ६ ही घटना, म्हणजे ड्रायव्हर चालू झाला, या मध्यवर्ती ठिकाणी जमा करा. टेम्प फोल्डरमधून चालू झालेला कोणताही ड्रायव्हर, मग सही कुणाचीही असो, तपासण्याजोगा आहे.

लिनक्स चालवणाऱ्या डेलवर?

ही त्रुटी विंडोजच्या ड्रायव्हरमधली आहे. लिनक्सवर लागू नाही. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर विंडोजची बाजू तपासा.

‘डेलमधून बोलतोय, तुमच्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे’ असा फोन आला तर?

फोन ठेवा. दूरून ताबा घेणारे कोणतेही ॲप टाकू नका आणि सर्व्हिस टॅग सांगितला म्हणून विश्वास ठेवू नका. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

कुणी हा ड्रायव्हर हल्ल्यासाठी वापरल्याची शंका आहे. काय करू?

ड्रायव्हर सापडला एवढ्याने हल्ला ठरत नाही, कारण डेलवर तो अपडेटमुळेच आलेला असतो. शंका घेण्याजोग्या गोष्टी या: डेल नसलेल्या संगणकावर तो सापडणे, वेगळ्या नावाने पण त्याच हॅशने सापडणे, फर्मवेअर अपडेट झालेले नसताना सेवा बसल्याची नोंद, किंवा त्याच सुमारास सुरक्षा सॉफ्टवेअरच्या नोंदी अचानक थांबणे.

असे दिसल्यास फाइल लगेच काढू नका. संगणक नेटवर्कपासून तोडा, पण बंद करू नका, कारण कर्नलमधले बदल मेमरीत असतात आणि वीज गेली की पुरावा जातो. आधी मेमरीची प्रत, मग डिस्कची. कर्नलपर्यंत कुणी पोचले असेल तर त्या विंडोजवर पुन्हा विश्वास ठेवता येत नाही. प्रती घेतल्यावर डिस्क पुसून नव्याने बसवणे, आणि त्या संगणकावर वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलणे, हाच मार्ग. भारतातल्या कंपन्या आणि संस्थांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. तपास पूर्ण होईपर्यंत थांबायचे नसते, हाती असेल तेवढी माहिती आधी पाठवायची आणि उरलेली मागाहून द्यायची.